अक्टोपो हो

जगूकाकांनी खालून शिडी धरली होती आणि मी कारखान्याच्या कमानीवरच्या पत्र्यावरून बोट फिरवत होते. रंगाचे थर इतके जाड झाले होते की डोळे मिटले तरी अक्षर कळत होतं. एक गोल, मग एका बाजूनं उघडा गोल, मग टी, पुन्हा गोल. लाल रंग उन्हानं विटकरी झाला होता, पिवळ्या कडांचे पोपडे सुटले होते. मी पातळ कागद पत्र्यावर धरला, कोपरे चिकटपट्टीनं लावले आणि काळ्या खडूनं घासायला लागले.

परवा हा पत्रा उतरणार आहे. कमान कापून नेतील, मग मागची शेड पाडतील, आणि तिथं कुठल्याशा कंपनीचं गोदाम होईल. जगूकाकांनी फोन केला, "यायचं आसंल तर आताच यी, मागनं इचारू नगंस." म्हणून सांगलीच्या विश्रामबागहून सकाळच्या एसटीनं निघाले, कराडला गाडी बदलली आणि उंब्रजला हायवेवर उतरले. पिशवीत कागदाची गुंडाळी, खडू आणि एक प्रश्न. कागद आणि खडू हे निमित्त होतं. प्रश्न गेलं वर्षभर घशात अडकलेला होता.

मी चित्रकार आहे. निदान कार्डावर तसं छापलेलं आहे. सांगलीत कॉलेजात चित्रकला शिकवते आणि सुट्टी लागली की बंद पडलेले कारखाने हिंडते. गंजलेल्या पाट्या, यंत्रांवर ओतलेली नावं, धुराड्याच्या विटा, यांच्यावर कागद धरायचा आणि घासून ठसा उचलायचा. असल्या कामाला शहरात फार मोठमोठे शब्द लागतात. औद्योगिक अवशेष, सामूहिक स्मृती, विस्मरणाचं राजकारण. हे सगळे शब्द मी वापरलेले आहेत, माईकवरून, पांढऱ्या भिंतींच्या हॉलमध्ये, हातात कागदी कप धरून. उंब्रजमध्ये यातला एकही शब्द तोंडातून निघत नाही. इथं लोक विचारतात, "खडू घासून काय मिळतं गं?"

हा कारखाना ट्रॅक्टर जोडायचा. ट्रॅक्टर रशियाचे. त्यांचे सुटे भाग मोठमोठ्या लाकडी खोक्यांत घालून बोटीनं मुंबईला यायचे आणि तिथून ट्रकनं इथं. माझं लहानपण त्या खोक्यांच्या वासात गेलं. लाकूड पिवळसर, मऊ, आणि त्याचा वास अगदी अब्बांच्या टर्पेंटाईनच्या बाटलीचा. अब्बा कारखान्यात पेंटर होते. ट्रॅक्टरवर नंबर टाकणं, भिंतींवर सूचना लिहिणं, संडासांवर 'पुरुष' आणि 'स्त्रिया' लिहिणं, सगळं त्यांच्याकडे. ते घरी यायचे तेव्हा अंगाला येणारा वास त्यांचा की रशियाचा, हे मला कधी सांगता आलं नसतं. मला वाटायचं, रशिया नावाचा देश म्हणजे कुठंतरी एक मोठी टर्पेंटाईनची बाटली असणार.

खोकी फुटली की लाकूड कामगारांना मिळायचं. अर्ध्या उंब्रजची दारं त्या फळ्यांची होती. कोंबड्यांची खुराडी त्यांची, गुरांच्या गव्हाणी त्यांच्या. आमच्या घरात भांड्यांची फळी होती. भाग गंजू नयेत म्हणून ज्या तपकिरी, मेणचट कागदात गुंडाळलेले असायचे त्याची आम्ही पुस्तकांना कव्हरं घालायचो. गुरुजी वही तपासायला घ्यायचे आणि हात धोतराला पुसायचे. म्हणायचे, "पेंटरची पोरगी, पाढे चुकलेत, पण वही गंजायची न्हाई."

आणि प्रत्येक खोक्यावर, काळ्या रंगात, हातभर लांबीचा एकच शब्द छापलेला असायचा. ओ, सी, टी, ओ, पी, ओ, मग एक सहा पाकळ्यांचं फूल, मग एच आणि ओ. इंग्रजी अक्षरं ओळखणारे चारदोन जण कारखान्यात होते. त्यांनी तो शब्द वाचून टाकला. मधलं फूल म्हणजे नक्षी, ती वाचायची नसते, असं त्यांचं ठरलं. उरलं ते 'अक्टोपो हो'.

एकदा निरोप आला, रशियाचे तीन साहेब कारखाना बघायला येणार. मॅनेजरसाहेबांनी अब्बांना बोलावलं. म्हणाले, पेंटर, कमानीवर त्यांच्या भाषेत स्वागताचा शब्द पाहिजे. आता रशियन कुणाला येतं? पुण्याहून दुभाष्या यायचा होता, पण तो पाहुण्यांबरोबरच. तोवर थांबायला कुणाला धीर. अब्बांनी हा प्रश्न एका दिवसात सोडवला. कसा सोडवला ते ते मला पुढं कितीदा तरी सांगायचे. घरात आमची बोली दखनी. पण कारखान्याविषयी बोलायचं झालं की अब्बा मराठीवर यायचे, जणू ती गोष्ट दखनीत मावतच नव्हती.

"आपुन चिठ्ठी लिवतो तवा वर काय लिवतो? जगू श्री लिवतो, मी सातशे शहाऐंशी लिवतो. ट्रकवाला शुभ लाभ लिवतो. कोरा माल कुणी कुणाला धाडतं व्हय? मग ह्या लोकांनी येवढ्या लांबनं खोकी धाडली, त्येच्यावर पयला शब्द काय लिवला आसंल? रामरामच की."

हे ऐकून मॅनेजरसाहेबांनाही पटलं. इथं कुणालाही पटलं असतं. अब्बांनी आठवडाभर खपून तो शब्द कमानीच्या पत्र्यावर उतरवला. लाल अक्षरं, पिवळी कड, आणि मधल्या फुलाला त्यांनी जास्तीच्या दोन पाकळ्या दिल्या, कारण सहा त्यांच्या डोळ्याला कमी वाटल्या.

तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आम्हाला शाळेतून रांगेत आणलं होतं. पांढऱ्या मोटारीतून तीन गोरे साहेब उतरले. दुभाष्या आलाच नाही, त्याला ताप भरला होता म्हणे. पुढचा साहेब म्हातारा, केस कापसासारखे. त्यानं कमानीकडे बघितलं आणि तो जागच्या जागी थांबला. मग त्यानं आधी वर बघितलं, मग खाली पायाशी बघितलं, मग मागच्या दोघांना हातानं थोपवलं. आणि मान वाकवून, एकेक पाऊल अंदाजानं टाकत, कमानीखालून आत आला. मागचे दोघंही तसेच आले. सगळ्या कारखान्यानं टाळ्या वाजवल्या. रशियात पाहुणा असा वाकून घरात येतो, हे उंब्रजला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून कामगारही कमानीखालून वाकून जायला लागले. आधी थट्टेत, मग सवयीनं. गेटवर जगूकाका असायचे, फौजेतून पेन्शनीवर आलेले. ते ताठ उभे राहून प्रत्येकाला म्हणायचे, "अक्टोपो हो." येणारा मान वाकवून म्हणायचा, "अक्टोपो हो." त्या शेवटच्या 'हो'मुळे तो शब्द इथल्या जिभेवर असा बसला की विचारू नका. 'रामराम हो', 'या हो', तसाच हाही. त्यासाठी वेगळं काही शिकावं लागलं नाही.

अब्बा कधीकधी नव्या ट्रॅक्टरबरोबर जायचे, मालकाचं नाव त्यावर टाकायला. एकदा मला कवठे महांकाळला घेऊन गेले. तिकडची माती भगभगीत, बाभळीची सावली चाळणीतून गाळल्यासारखी. ट्रॅक्टर लाल, धुळीत उभा, त्याच्या नाकाडावर ओवाळलेलं कुंकू. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले, आणि एका म्हाताऱ्यानं अब्बांना विचारलं, "आवं पेंटर, रशेत रामराम कसा करत्यात?" अब्बांनी शिकवलं. निघताना अख्खी वस्ती ओरडत होती, अक्टोपो हो. जीपच्या मागच्या फळकुटावर बसून मी पाहिलं, माझा बाप हसत होता. शाळा चौथीपर्यंत. मुलाणवाड्यातला एक रंगाऱ्याचा पोर. आणि त्याच्या तोंडातनं निघालेला परदेशी शब्द गाव उचलत होतं.

खंडेनवमीला कारखाना बंद असायचा, पण सगळे यायचे. यंत्रांना झेंडूच्या माळा, पान्यांना हळदकुंकू, ग्रीसच्या वासात मिसळलेला उदबत्तीचा वास. अब्बा सकाळची नमाज पढून शिडी लावायचे आणि कमानीवरचा शब्द नव्यानं रंगवायचे. दरवर्षी, न चुकता. खाली उतरले की ब्रश धुऊन, पुसून पान्यांच्या ओळीत पूजेला ठेवायचे. जगूकाका त्या ब्रशालाही झेंडूचं फूल वाहायचे. जाड झालेत म्हणाले मी ते थर म्हणजे हेच. एकेक खंडेनवमी एकेका थरात आहे.

मग एका वर्षी खोकी यायची थांबली. रशिया मोडला, असं कामगार म्हणायचे, भाऊबंदकीत घर मोडावं तसं. जगूकाका कितीतरी दिवस ज्याला त्याला विचारत होते, "देश बी मोडतो व्हय रं?" त्याचं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं आणि आजही मी ते पांढऱ्या हॉलमध्येच देऊ शकते. कारखान्यात काही वर्षं दुरुस्त्या चालल्या, मग तेही संपलं. शेडमध्ये पारव्यांनी घरं केली. टर्पेंटाईनचा वास हळूहळू फळ्यांतूनही उडाला. आमची भांड्यांची फळी शेवटी नुसती फळी उरली.

शब्द मात्र टिकला. कुणी साखर कारखान्यावर गेलं, कुणी वडापची जीप चालवायला लागलं, कुणी शेतात. पण एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, दवाखान्याच्या रांगेत, दोन जुने कामगार भेटले की मान वाकवून तेच. आणि मग त्यांच्यातला पहिला माणूस गेला, वेल्डर होता. नदीवर सगळं आटपल्यावर माणसं परत फिरायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी जळत्या सरणाकडे वळून मान लववली आणि म्हटलं, अक्टोपो हो. तेव्हापासून तो नेम झाला. कारखान्यातला माणूस जाळा की पुरा, शेवटचा शब्द हा. तो म्हटल्याशिवाय कुणी पाठ फिरवायची नाही.

आता माझी कर्तबगारी सांगते. एका कलाशिबिरात मला मध्य आशियातली एक चित्रकार भेटली. तीही माझ्यासारखीच पडके कारखाने हिंडणारी. तिचं लहानपण रशियन भाषेत गेलेलं. मी तिला मोठ्या अभिमानानं कमानीचा फोटो दाखवला, म्हटलं, ही तुमच्याकडची स्वागताची रीत, माझ्या वडिलांनी लिहिली. तिनं फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि ती हसत सुटली. तो स्वागताचा शब्द नव्हता. काचेच्या सामानावर छापतात तो होता. सावधान. जपून हाताळा. त्या मधल्या फुलाचा उच्चार 'झ'सारखा होता, आणि आमचे सी, पी, एच हे तिकडचे स, र, न होते. म्हातारा साहेब पायाशी का बघत होता, वाकून का आला, ते मला तिथं टेबलाशी बसल्याबसल्या कळलं.

मीही हसले. हे लिहायला हवं म्हणून लिहिते. वाईट नंतर वाटलं, हसू आधी आलं. आणि हसता हसताच माझ्यातल्या चित्रकाराला कळलं की हातात घबाड लागलंय.

पुण्यात प्रदर्शन झालं. कमानीचा फोटो भिंतभर. खाली मी स्वतः लिहिलेला मजकूर, एका गावानं कित्येक वर्षं एकमेकांना इशारा देत कसं स्वागत केलं, याच्यावर. लोक वाचायचे, हसायचे, मग एकदम गंभीर व्हायचे, कारण पुढचं वाक्य मी मुद्दाम गंभीर लिहिलं होतं. फोटोखाली वाकून स्वतःचे फोटो काढायचे. पेपरात बातमी आली, मथळा 'सावधान, आपलं स्वागत आहे'. त्यात अब्बांचं नाव नव्हतं, 'एक अल्पशिक्षित रंगारी' होता. ते दोन शब्दही माझ्याच मजकुरातले.

पेपर उंब्रजलाही येतो, हे मी कसं विसरले कोण जाणे. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी मोठ्यानं वाचला म्हणे. त्या दिवशी अब्बांचा फोन आला. म्हणाले, "छपके आया है. फोटू अच्छा आया." एवढंच. मी म्हटलं, अब्बा, तुम्हाला राग तर आला नाही? म्हणाले, "नै, राग कायका." फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की कारखान्याविषयी ते पहिल्यांदाच दखनीत बोलले होते. ती गोष्ट त्यांनी त्या मोठ्या जागेतून काढून पुन्हा घरात आणून ठेवली होती, झाकून.

त्या खंडेनवमीला त्यांनी शिडी लावली नाही. पाय दुखतो म्हणाले. हिवाळ्यात गेले.

आमच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत. मी दाराशी उभी होते. जनाजा उचलला तेव्हा गल्लीत कारखान्यातली माणसं दिसली, पांढऱ्या टोप्यांत काही गांधीटोप्या, काही टोप्या शेजाऱ्यांकडून मागून घातलेल्या. ती वळणावर दिसेनाशी झाली. मला तेव्हा एकाच गोष्टीचा आधार होता. मी स्वतःला सांगत राहिले, आता पोचले असतील. आता माती देत असतील. आता वळून मान लववतील आणि म्हणतील. माझ्या मजकुरानं काय बिघडवलं असेल नसेल, त्यांच्या त्या एका शब्दानं ते धुऊन निघेल. मी तो आवाज मनात इतक्या वेळा ऐकला की ऐकलाच होता असं वाटायला लागलं. पण खात्री करायची हिंमत वर्षभर झाली नाही.

ठसा पुरा झाला. मी कागद सोडवला, गुंडाळला आणि खाली उतरले. जगूकाकांनी शिडी भिंतीला लावली. ऐंशी पार केलेत, तरी ठेकेदारानं त्यांनाच राखणीला ठेवलंय, कारण या गेटावर दुसरं कुणी उभं राहील असं कुणाला वाटत नाही. मी आल्यापासून त्यांनी मला मान वाकवून काही म्हटलं नव्हतं. नुसतं "आलीस व्हय" म्हणाले होते. ते माझ्या ध्यानात आलं होतं, पण मी ते बाजूला सारलं होतं.

आम्ही पायरीवर बसलो. त्यांनी तंबाखू काढला, चुना लावला, मळत बसले. मी म्हटलं, "काका, एक विचारायचं होतं."

"इचार की."

"अब्बांच्या मातीला शेवटी तुम्ही सगळ्यांनी म्हटलं ना? तो शब्द?"

त्यांचा अंगठा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

"न्हाई."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "विसरलात?"

"इसरतंय व्हय कुणी. तोंडाशी आलाता." त्यांनी तंबाखू तसाच हातात धरून ठेवला. "पेंटरनं आदीच बजावून ठिवलं हुतं. दवाखान्यात मी डबा घिऊन गेल्तो तवा. म्हणला, जगू, माज्या मातीला त्ये म्हणू नका. मी म्हणलं, का रं? पेपराचं मनाला लावून घिऊ नगंस, आमाला काय फरक पडत न्हाई, सावधान तर सावधान. आमी तुज्यासाठी म्हणनार."

"मग?"

"तर म्हणला, तसं न्हाई गड्या. पोरगी लय मोठी झालीया. तिची वळखीची माणसं येतील शहरातनं, शिकली-सवरलेली. त्येंच्या म्होरं तुमी चाळीस जण त्ये बोललासा, तर पोरीला मान खाली घालाय लागंल. तिचं नाव हाय आता, म्हणला. तेवढं जपा."

मी मांडीवरची कागदाची गुंडाळी पायरीवर बाजूला ठेवली.

"माती दिली," काका म्हणाले. "मग सगळी हुबीच. पाठ फिरवायची तर काय म्हणून फिरवायची, कुणाला सुचंना. लय येळ हुबं हुतो. मग गप घरला आलो."

त्या दिवशी शहरातून कुणीही आलं नव्हतं. मी कुणाला कळवलंच नव्हतं.